वाटीभर येसर, हातभर चिंधी



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात एक वाद झाला. वाद अगदी लहान, सुई-दोऱ्यावरून झालेला. पण तो माझ्या मनातून काही जाईना, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचे विहार चाकणजवळ आहे. मोठे नाही. पत्र्याचे छप्पर, खाली शहाबादी फरशी, समोर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने रोज संध्याकाळी तिथे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. पाऊस आला की पत्र्याचा असा आवाज होतो, की वाचणाऱ्याला ओरडून वाचावे लागते. वाचायचे काम बहुधा माझ्याकडे असते, कारण माझी कंपनीची बस सहा वाजता सोडते आणि मला पाळी नाही. ऐकायला वीस-बावीस बायका आणि पाच-सहा पुरुष. बाकीचे पुरुष सेकंड शिफ्टला.

गेल्या वर्षी दुसऱ्या आठवड्यात दोन म्हाताऱ्या उपासिका वाकळ घेऊन आल्या. एका कोपऱ्यात बसून ऐकता ऐकता टाके घालू लागल्या. तिसऱ्या दिवशी आणखी चौघी त्यांच्या शेजारी. तेव्हा कमिटीतले एक भाऊ उठून म्हणाले, “हे विहार आहे, शिवणक्लास नाही. ग्रंथाचा मान राहत नाही अशाने.” त्यांना मी उत्तर दिले असते. पण दुसरे एक काका, चाळीस वर्षे कारखान्यात काढलेले, शांतपणे म्हणाले, “आणि वाकळच का? बाबासाहेबांनी आपल्याला चिंध्यांतून बाहेर काढलं. आता पोरं इंजिनिअर झाली, तर आपण परत चिंध्या घेऊन विहारात बसायचं?”

त्यांना मात्र मला उत्तर देता आले नाही. कारण हेच मी स्वतः पंधरा-वीस वर्षे मनाशी म्हणत होते.

माझे आई-वडील १९७२ च्या दुष्काळानंतर तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातून पिंपरीला आले. आईने दुष्काळी कामावर खडी फोडली होती. तिथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी यांची चव ती मरेपर्यंत सांगायची. मिलोची भाकरी थापली की कडेने चिरायची, म्हणायची. पिंपरीत तेव्हा कारखान्यांचे भोंगे वाजू लागले होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासूनची, टेल्को १९६६ पासूनची. वडिलांना मोठ्या कंपनीत कोण घेणार? ते एका फौंड्रीत हेल्पर लागले. एका पगारात भागेना, तेव्हा आईने चाळीतल्या बायकांच्या वाकळा शिवून द्यायला सुरुवात केली.

वाकळ कशी होते ते आजच्या मुलींना माहीत नसेल, म्हणून सांगते. जुने सुती नऊवारी लुगडे आधी चांगले धुऊन कडक उन्हात वाळवायचे. लुगडे जितके जास्त नेसलेले तितके मऊ, आणि तितकी वाकळ चांगली. ते जमिनीवर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे म्हणजे सुरकुती पडत नाही. त्यावर धोतराचे तुकडे, फाटकी चादर, परकर, जे असेल त्याचे थर. सर्वांत वर दुसरे लुगडे. मग कडेपासून धावदोऱ्याचे टाके घालत चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचे. शेवटी मधोमध एक छोटा चौकोन उरतो, तोही भरला की वाकळ झाली. मोठ्या वाकळेला आईला दहा-बारा दिवस लागत. पंचवीस रुपये मिळत. दिव्याखाली बसून तिच्या तर्जनीला भोकाभोकांची चाळण झाली होती.

आमच्या चाळीत एक काकू होत्या. गावाकडे बरी शेती असलेल्या घरातल्या. बोलायला गोड, आईकडून दरवर्षी एक वाकळ शिवून घ्यायच्या. आई वाकळ पोचवायला गेली की तिला चहा मिळे, पण तो खिडकीत ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. आईने चहा पिऊन कप स्वतः विसळून परत खिडकीत ठेवायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. आमच्या घरात, आमच्या जमिनीवर, आमच्या हातांनी शिवलेली वाकळ त्यांची पोरे तोंडावर घेऊन झोपत. मी आईला विचारले, “वाकळ चालते, मग कप का चालत नाही?”

आई म्हणाली, “ते त्यांच्या मनात हाय, बाई. पैसं वेळंवर देतीय का न्हाई, तेवढं बघ.”

माझ्या आईने गावाकडे याहून वाईट पाहिले होते. लातूर-धाराशिवकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, मोठी असते. सगळे गाव शेतात जेवायला जाते. भज्जी, उंडे, आणि मडक्यात आंबील. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसणाचा वास असलेली थंडगार आंबील. त्या दिवशी येईल त्याला जेवू घालायची रीत आहे आणि लोक कौतुकाने सांगतात, की येळवशीला कोणी उपाशी राहत नाही. ते खरेच आहे. पण आईच्या लहानपणी आपल्या लोकांना बांधाखाली बसवत आणि आंबील वरून, हातभर अंतरावरून, भांड्यात ओतत. “निम्मी अंगावरच सांडायची,” आई हसून सांगायची. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याला तेव्हा तीस-पस्तीस वर्षे होऊन गेली होती. अमुक अन्नाने समाज एकत्र येतो असे कोणी म्हणाले की मी आधी विचारते, बसले कुठे होते, आणि ओतले कसे?

तर असे हे सर्व मी पाहत मोठी झाले, बी.कॉम. झाले, नोकरीला लागले. घरात पहिली पदवी. पहिल्या पगारात दोन ब्लँकेटे घेतली आणि आईच्या वाकळा पोटमाळ्यावर टाकल्या. पाहुण्यांसमोर नको म्हणून. ऑफिसात डबा उघडतानाही तेच. एकदा आईने चुकून चान्यांची चटणी दिली, ती मी न खाता परत आणली आणि तिच्यावर चिडले. चान्या म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजत होते, कसे शिजत होते, हे त्यात काही न लपवता लिहिले आहे. ते वाचताना मला परत आणलेला तो डबा आठवत राहिला. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, ते स्वाभिमानासाठी. आणि लोकांनी सोडले. दारू सोडा हे बावीस प्रतिज्ञांत आहे. पण आईच्या हातच्या भाकरीची, तिच्या टाक्याची लाज बाळगा, असे बाबासाहेबांनी कुठे सांगितले? ते आमचे आम्हीच ठरवले.

काकांना उत्तर द्यायचे म्हणून मी त्या रात्री विनयपिटकाचे मराठी टिपण काढून बसले. दुसऱ्या दिवशी वाचन संपल्यावर, वाद न घालता, एक गोष्ट सांगितली. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. राजाला राग आला, की हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे काय करणार, दुकान घालणार का? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना वाटून देऊ. आणि जुन्या चीवरांचे? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुनी आच्छादने? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळी? जमिनीवरची बैठक. जुनी बैठक? पायपुसणी. जुनी पायपुसणी? झटकणी. आणि तीही विरली, तर कुटून चिखलात मिसळून भुई लिंपू. राजा एवढा खूश झाला, की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

एक म्हातारी मोठ्याने हसली. “आगं, ही तर आमचीच गत. लुगडं, मग वाकळ, मग बाळुतं, मग पोतेरं!”

मग चीवराची गोष्टही सांगितली. सुरुवातीला भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून पांघरत. त्याला पांसुकूल म्हणत. पुढे जीवक वैद्याने उत्तम वस्त्र अर्पण केले, तेव्हापासून गृहस्थांनी दिलेले वस्त्र घ्यायची मोकळीक झाली. पण तेही तुकडे करूनच शिवायचे. मगधातली बांध घातलेली भातशेते दाखवून तथागतांनी आनंदांना विचारले, अशी चीवरे करता येतील का? आनंदांनी तसा नमुना करून दिला. आजही भिक्खूंच्या चीवराकडे नीट पाहा, शेताचे वाफे दिसतील. आणि वर्षावास संपल्यावर जे कठिन चीवरदान होते, त्यात मूळ रीत अशी, की सर्व भिक्खूंनी मिळून एका दिवसात ते चीवर शिवून पुरे करायचे.

काका म्हणाले, “ते भिक्खूंचं झालं. त्यांनी राजीखुशीनं चिंध्या घेतल्या. आपल्यावर लादल्या होत्या.” हे त्यांचे म्हणणे खरे होते, आणि अजूनही मला त्याचे पुरते उत्तर सापडलेले नाही. शेवटी तडजोड झाली. वाचनाच्या वेळी सुई बंद. सरणत्तयं झाल्यावर ज्यांना बसायचे त्यांनी तासभर बसावे. हात चालू असले म्हणून कान बंद होत नाहीत, असे माझे मत आहे. पण ते मी गिळले.

वाचन संपल्यावरच्या त्या तासात एक नवी बाई येऊ लागली. आमच्या भागात शेतकऱ्यांनी जमिनी गेल्यावर उरलेल्या तुकड्यांवर खोल्यांच्या रांगा बांधल्या आहेत. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, त्यांच्या मागे शेकडो लहान कंपन्या. त्या खोल्यांत पूर्वी लातूर-नांदेडचे लोक राहत, आता बिहार, झारखंड, ओडिशाचेही राहतात. ही मुजफ्फरपूरकडची. नवरा कंत्राटी कामगार, बारा तासांची ड्यूटी. ही सातव्या महिन्यातली, दिवसभर दहा बाय दहाच्या खोलीत एकटी. मुजफ्फरपूर म्हणजे वैशालीच्या शेजारचा जिल्हा. तथागतांच्या भूमीतली बाई आमच्या दारात पावसाला आडोसा घ्यायला उभी होती, आणि आम्ही आत त्याच वैशालीचे वाचत होतो.

पहिले दोन दिवस ती दारातच उभी. तिसऱ्या दिवशी आत येऊन बसली, वाकळ हातात घेतली, आणि न विचारता सुईत दोरा ओवला. तिच्याकडे याला सुजनी म्हणतात. जुन्या साड्यांचीच, आणि विशेषतः नव्या बाळासाठी. आमचे टाके लांब आणि सरळ रेघेत, तिचे बारीक, आणि त्यातून मासा, पक्षी, फूल उमटायचे. आमच्या म्हाताऱ्या तोंडात बोट घालून बघत राहिल्या.

तेव्हा आपल्यातलीच एक बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ती कोण हाय, विचारलं का?” म्हणजे जात. विहारात बसून, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर! मला एवढा संताप आला, की शब्द सुचेना. सर्वांत म्हाताऱ्या उपासिकेने ऐकले. डोके वर न करता त्या म्हणाल्या, “बाळंतीण व्हायची हाय. एवढं बास हाय की.”

पुढच्या रविवारी ती बिहारची ताई सत्तू घेऊन आली. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून, मीठ, लिंबू, बारीक कांदा, हिरवी मिरची. स्टीलच्या पेल्यांतून सगळ्यांना दिले. आम्ही नुकतेच वाचले होते, की संबोधीनंतर तपस्सु आणि भल्लिक या दोन व्यापाऱ्यांनी तथागतांना मंथ आणि मधुपिंडिका दिल्या. मंथ म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठच. मी ते बोलून दाखवले, सगळ्यांना गंमत वाटली. पण मघाच्या त्या बाईने पेला शेजारी ठेवला तो ठेवलाच. “पोट बिघडलंय माझं,” म्हणाली. पेला तसाच राहिला. मला खिडकीतला कान तुटलेला कप दिसला. आणि मी गप्प बसले. भाषणे करणारी मी, त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. पेला उचलून मोरीत ओतला, विसळला आणि परत दिला.

त्याच आठवड्यात ठरले, की तिच्या बाळासाठी वाकळ करायची आणि तिला प्रत्येक घरातून हातभर कापड यायला हवे. तेवीस घरांतून कापड आले. दीक्षाभूमीला नेसून गेलेल्या पांढऱ्या साडीचा काठ आला. मुलाच्या शाळेचा शर्ट आला. आणि गणवेश! निळे, खाकी, करडे, निरनिराळ्या कंपन्यांचे. काही खिशांवर अजून कंपनीचे नाव होते. चिंध्या नकोत म्हणणाऱ्या काकांच्या घरून त्यांची निवृत्तीच्या दिवशीची पँट आली. ती त्यांनी स्वतः दिली की काकूंनी परस्पर, हे मी विचारले नाही. टेरिकॉटमध्ये सुई शिरेना, दोन सुया मोडल्या.

माझ्याकडे आईचे एक इरकल लुगडे होते. आई २०१९ मध्ये गेली. हिरवे, लाल काठाचे, ती नेसून नेसून मऊ झालेले. ट्रंकेत ठेवले होते आणि कधीतरी उघडून वास घेत असे. त्या रात्री ट्रंक उघडून कात्री घेऊन बसले. आमचे मिस्टर म्हणाले, “तेवढं एक राहिलंय, ठेव की.” अर्धा तास तशीच बसून राहिले. मग अर्धे कापले, अर्धे ठेवले.

आश्विन पौर्णिमेच्या जेवणावरूनही थोडे झाले. कमिटीचे म्हणणे, केटरर सांगू, पुलाव-जिलेबी, नीटनेटके होईल. म्हाताऱ्यांचे म्हणणे, येसराची आमटी. येसर म्हणजे आपल्या मराठवाड्याचा मसाला. गहू किंवा बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरे, लवंग-मिरे असे भाजून दळलेले पीठ. पाण्याला फोडणी द्यायची, येसर कालवून सोडायचा, उकळी आली की शंभर माणसांची आमटी तयार. आम्ही लहान असताना दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला जायचो. १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांनी स्वतः तिथे रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. आई फडक्यात भाकरी-ठेचा बांधून घ्यायची. मैदानात वर्तुळ करून बसले की कुणाची भाकरी कुणाच्या हातात जाई, कळत नसे. चाळीच्या विहारातही तीच रीत, प्रत्येक घरातून वाटीभर येसर एकाच पातेल्यात. प्रत्येकीचा येसर निराळा, आणि म्हणून त्या आमटीची चव कुणाच्याच घरी येत नसे.

तर आमटी आपली, पुलाव-जिलेबी केटररची असे ठरले. तेवीस घरांतून चौदा वाट्याच आल्या. बाकीच्या मुलींकडे येसरच नव्हता. तिघींनी बचत गटाची पाकिटे आणली. आमटी जरा तिखट झाली, पण पातेले पुसून निघाले. जिलेबी उरली.

बाळ आठवड्यापूर्वीच आले होते, मुलगी. वाकळेचा मधला चौकोन अजून राहिला होता. तो तिथेच, जेवणे झाल्यावर, चौघींनी चार बाजूंनी बसून भरला. त्या चौघींत पेला न उचलणारी बाईही होती. सत्तूचे तिच्या लक्षात होते की नाही, मला माहीत नाही. तीही काही बोलली नाही, मीही नाही. बिहारच्या ताईने वाकळ पालथी-उलटी करून आपला मासा शोधला आणि पोरीला त्यावर ठेवले. माझ्या आईच्या लुगड्याचा तुकडा पायाकडच्या बाजूला आला होता.

दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याचे कंत्राट संपले. कंपनीने नव्या मुलांना घेतले. दोघे रांजणगावकडे गेले. खोलीत आता दुसरे भाडेकरू आहेत. थंडीत तिचा फोन आला. पोरगी वाकळेशिवाय झोपत नाही म्हणाली. पण वाकळ ओली झाली की वाळायला दोन-दोन दिवस लागतात, जड फार झाली आहे. चूक आमचीच. आई लहान बाळासाठी तीनच थर घालायची. आम्ही हौसेने सहा घातले, आणि त्यात पँटी. यंदाच्या आषाढात पातळ सुती कापड तेवढे घ्यायचे, असे म्हाताऱ्यांना आत्ताच सांगून ठेवले आहे.